बाबांच्या फरशीला हात लावू नये म्हणून

मी, उंच इमारतींच्या काचा दोराला लटकून पुसणारा, वय सव्वीस, हे मृत्युपत्र शुद्धीत, न पिता, कुणी मानगूट न धरता लिहीत आहे. माझ्या मोठ्या मेंदूबद्दल दादाला शंका आहे. तोल सांभाळणारा लहान मेंदू शाबूत आहे, नाहीतर कधीच खाली पडलो असतो. परवा दोर घसरला म्हणून लिहायला बसलो.

एक. बाबांनी घर आम्हा दोघा भावांच्या नावे केले. माझा अर्धा हिस्सा दादाला, पण बाबा आहेत तोवर जुनी फरशी राहिली तरच. ती बाबांनी स्वतः बसवली आहे, एक ओळ पांढरी, एक काळी. दादाला ती उखडून एकसलग चकचकीत हवी. फरशीला छिन्नी लागली तर माझा हिस्सा ताईला.

दोन. कारण पुन्हा लिहितो. फोनवर सांगून घसा बसला. बाबांना कंपवात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालणे आपोआप चालवणारा मेंदूच्या आतला भाग थकलाय. मग डोक्यामागचा लहान मेंदू ते काम अंगावर घेतो, पण त्याला डोळ्यापुढे रेघ लागते नाहीतर कानात ताल. म्हणून बाबा काळ्या ओळी ओलांडत स्वयंपाकघरापर्यंत जातात आणि दादाच्या सासऱ्यांच्या गुळगुळीत हॉलमध्ये खांबासारखे उभे राहतात.

दादा म्हणतो, "घरात बरे चालतात, लोकांत नाटकं करतात."

अरे, नाटक करायला त्यांचा चेहरा तरी हलतो का?

वहिनीने विचारले, "मग तो लहान मेंदूच सगळं का करत नाही?" प्रश्न बरोबर आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोही राबून राबून बिघडत असावा, हाताच्या थरथरीत त्याचाही वाटा असतो, शोध अजून चालू आहे. म्हणजे तिथेही धाकट्यानेच मरायचे.

तीन. हुक आणि पट्टे जोडीदार बोक्याला. घसरलेला दोर मुकादमाला. त्याने स्वतः लटकून बघावे.

चार. मोबाइल बाबांना. कामावर नेत नाही, खाटेखाली असतो. रोज सकाळी बाबा उंबरठ्याशी अडले की मी फोनवरून म्हणतो, "डावा, उजवा, चला मिस्त्री, डावा." दादाला म्हणायची लाज वाटते. तेच माझ्या आवाजात त्यात भरून ठेवले आहे. ते पुसून पुतण्याला खेळायला देऊ नये.

आणि दादा, ऐकून ऐकून पाठ झाले तर तू म्हण. मोबाइल कधीतरी बंद पडेलच.

सही : धाकटा

साक्षीदार : खानावळीचा आचारी (सही), खोलीतला वेल्डर (अंगठा). बोक्याला वस्तू मिळणार, म्हणून त्याची सही घेतली नाही. तो रुसला आहे.

ठिकाण : कामगारांची खोली, वरची खाट
तारीख : ९ नोव्हेंबर, सुट्टीचा दिवस