वामनच्या जीपचा पाना

बाभुळगाव. रविवार, मार्गशीर्ष, सन १९६१

दिवे लागले. वामन अजून आला नाही.

आठ दिवसांपासून माह्या लेकाले जीपमध्ये बोलाचा रेडिओ बसवाचं याड लागलं. घरात बायकोशी चार शब्द बोलत नाही, अन् म्हणे परदेशातल्या माणसाशी बोलतो. आज रहीम मिस्त्रीनं जीपच्या मागं एरियलची लोखंडी काठी उभी केली, दोन पुरुष उंच; बोल्ट आवळाचा तेवढा राह्यला. मी म्हटलं, "कापसाच्या जिनिंगपाशी रस्त्यावर विजेची तार लोंबून राह्यली. तिले लागली तं?"

"माय, तारेच्या आधी थांबतो. पान्यानं बोल्ट सैल करतो, काठी आडवी करतो. झालं."

मले पटलं नाही. वामन जेवाले बसला तवा मी पाना उचलून ओच्यात खोसला. वाटलं, पाना नाही तं काठीही नाही अन् जाणंही नाही. पर रहीमनं आपल्या पान्यानं बोल्ट आवळला अन् तो घेऊन घरी गेला. वामन रेडिओ लावून पाहाले जीप घेऊन निंगाला. काठी उभीच. "माहा पाना जीपच्या पेटीत असन," म्हणाला.

मी दारातच होती. तोंड उघडलं नाही. काहून? तो हसन म्हणून?

आताच नात विचारून गेली, "आजी, बाबाचा पाना पाह्यला काय?"

नाही म्हटलं.

रस्त्यानं कोणी जोरात चाललं तरी उठून दारात पाहते. लिहिताना पाना पोटाले टोचून राह्यला. तो आल्याबिगर काढणार नाही.