ओल्या झोळीचं वजन

आये, तू जाऊन बारा वर्षं झाली आणि मी नेमकं काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना तू चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत होतीस आणि मधेच विचारलंस, "ते फिजिक फिजिक करतेस, त्यात असतंय तरी काय गो?" माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "तुला नाय कळायचं." तू भाकरी परतलीस आणि म्हणालीस, "बरं बाय, नाय तर नाय." चिडली असतीस, चार शब्द सुनावले असतेस, तर विषय मिटला असता. पण तू चिडली नाहीस आणि पुढच्याच वर्षी गेलीस. आज शनिवार, बाबा बाजारात गेलेत, शहापुरात सकाळपासून लाइट नाही आणि लॅपटॉपने मान टाकलीय. म्हणून वही काढून बसलेय. आता ऐक, आणि मधे मधे बोलू नको.

जपानात जमिनीखाली एक मोठी गोल नळी आहे. आपल्या डोळखांबच्या बाजारातून निघून ओढ्यापलीकडे जाऊन परत यावं, एवढा तिचा घेर. तिच्यात एका दिशेने इलेक्ट्रॉन सोडतात आणि उलट्या दिशेने पॉझिट्रॉन, म्हणजे त्याचंच उलट रूप. दोघं समोरासमोर धडकतात आणि नाहीसे होतात. त्यांच्या ऊर्जेतून दुसरेच कण जन्माला येतात. गंमत अशी, की हे दोघं अगदी साधे, त्यांच्या पोटात आणखी काही दडलेलं नसतं. त्यामुळे आत किती ऊर्जा गेली हे आधीच पक्कं माहीत असतं. बाहेर काय काय आलं ते मोजायचं आणि बेरीज करायची. बेरीज कमी भरली, तर काहीतरी न दिसता निसटलं. तू अंगणवाडीत खिचडी वाढायचीस तेव्हा पातेल्यात किती वाट्या आहेत हे तुला वाढायच्या आधीच ठाऊक असायचं, आणि एक वाटी कमी पडली की कुणीतरी दोनदा नेली हे तू कुणाचं तोंड न बघता ओळखायचीस. आमचं तसंच. या विश्वातलं बरंचसं वजन कशाचं आहे हे अजून कुणालाही कळलेलं नाही, कारण ते दिसतच नाही. त्यातला एखादा कण आमच्या टकरीत जन्मून गुपचूप पळतो का, ते मी इथे शहापुरात बसून, तिकडून आलेल्या आकड्यांत शोधते. तो पळाला की मागे उजेडाचा एकच कण उरतो, फोटॉन. त्याची ऊर्जा मोजायची आणि त्यावरून पळालेल्याचं वजन काढायचं. म्हणजे बघ, जो झोळीत बसतच नाही त्याचं वजन करते तुझी पोरगी. हस, हस. बाबाही असेच हसले होते.

मला हे काम परकं कधीच वाटलं नाही, ते तुझ्यामुळे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लेकरांची वजनं करायला तू काटा खांद्याला अडकवून पाड्यांवर निघायचीस, आणि शाळेला सुट्टी असली की मी वही धरून मागे. पडवीच्या वाशाला काटा टांगायचा, त्याला झोळी, आणि रिकाम्या झोळीवर काटा शून्यावर आणल्याशिवाय कुणाचंही लेकरू आत घालायचं नाही. लेकरू बोंबलायचं, त्याची आजी "बास झाला, पोर दमला" म्हणून तुझ्या अंगावर यायची. तू मात्र झोका थांबेपर्यंत काट्याकडे बघत उभी. कुणाचा करदोडा चांदीचा आणि कुणाचा नुसता काळा दोरा, हेही तुला पाठ होतं, कारण दोरा सोडायला सांगितलं तर बायका घाबरायच्या आणि त्याचं वजन तुला मनातच वजा करावं लागायचं. मग तू आकडा मोठ्याने बोलायचीस, मी लिहायचे, आणि त्यानंतरच मागच्या महिन्याचं पान उघडायला परवानगी. मी एकदा आधीच उघडलं तर हातावर चापट बसली. "मागला आकडा बगितला का डोळा तितंच जाऊन बसतो," म्हणालीस. संशोधनातल्या माझ्या सरांनी मला पहिल्यांदा समजावलं, की मोजायची पद्धत पूर्ण ठरेपर्यंत महत्त्वाचा डेटा स्वतःपासून झाकून ठेवायचा असतो, तेव्हा मला हसूच आवरेना. सरांना वाटलं पोरीला काही कळलं नाही.

आणि तो आषाढातला दिवस. मी अकरा वर्षांची होते. पाऊस असा कोसळत होता की पाड्यावर उभं राहून काटा लावत बसणं नको, म्हणून तू अंगणवाडीतच, कोरड्यात, शून्य लावून घेतलंस. तेवढीच काय ती तुझी चूक. ओढा ओलांडून आपण पाड्यावर गेलो. वही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकदम कोरडी ठाक. सरकारी वही भिजली तर सुपरवायझर बाई खाऊ की गिळू करणार. झोळी मात्र तुझ्या खांद्यावर नुसती निथळत होती. पाच लेकरांची वजनं केली. त्यांतली एक आठ महिन्यांची पोरगी, आईबाप नुकतेच वीटभट्टीवरून परतलेले, ती तक्त्यावरच्या लाल पट्टीच्या, म्हणजे फारच कमी वजनाच्या खुणेच्या, जरा वर आली. तू सुस्कारा सोडलास. मलाही बरं वाटलं, कारण लाल पोरं वाढली की बाई तुलाच बोलायच्या, जणू तूच त्यांचं खाल्लंस.

घरी आल्यावर तू झोळी वाळायला म्हणून काट्यासकट वाशाला टांगलीस. टॉवेलने डोकं पुसत होतीस, आणि हात तसाच थांबला. "शून्यावर नाय गो काटा." रिकामी ओली झोळी दोनशे ग्रॅम दाखवत होती. मी भुकेने कळवळत होते. म्हटलं, "सगळ्यांतून दोनशे वजा कर ना, आये, झालं काम!" तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पाटावरून उठलेच. "कंच्या घरी किती भिजली व्हती, तुला ठावं हाय?" मी म्हटलं, "मग उद्या जाऊ. दोनशे ग्रॅमने काय होतंय?" त्यावर तू जे बोललीस ते अजून कानात आहे. "तुला काय व्हत नाय. तू भात खाऊन बसनार हायस. तिचं आख्खं वजन सहा किलो नाय." मला भात वाढलास, बसून खाऊ दिलास, स्वतः पाणी पिऊन उठलीस, दुसरी कोरडी झोळी छत्रीत गुंडाळलीस आणि दिवस कलायच्या आत आपण परत पाड्यावर. अंगावरचं लुगडंसुद्धा बदललं नव्हतंस.

त्या पोरीची आई दारातच हसली. "परत कशाला आलीस गो बाय, पोर काय पलून चाललीय?" तू सरळ म्हणालीस, "माजी चूक झाली. झोळी वली व्हती." मला लाज वाटली. सुपरवायझरला माहीत नाही, गावाला माहीत नाही, मग या बाईपुढे कशाला कबूल करायचं? ती बाईही गोंधळली. सरकारी माणसाने तिच्यापुढे चूक कबूल केल्याचं बहुतेक तिने पहिल्यांदाच बघितलं असावं. काटा टांगला, शून्य लावलं. बाकी चौघांची पट्टी तीच राहिली, ती पोरगी मात्र लाल पट्टीत गेली. दुसऱ्या दिवशी तू स्वतः तिला आणि तिच्या आईला जीपमध्ये घालून शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडलंस. महिनाअखेरीस सुपरवायझर बाईंनी वहीतली खाडाखोड बघून आकाशपाताळ एक केलं. तू म्हणालीस, "खाडाखोड माजी हाय, सही बी माजीच हाय." ती पोरगी आता डोळखांबच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसते. चांगली धडधाकट आहे, आणि भाव करायला गेलं तर आपल्यालाच गप्प करते.

आता माझं सांगते. गेली चार वर्षं मी झाकलेल्या डेटावर काम करत होते. दोन महिन्यांपूर्वी झाकण उघडलं आणि आलेखात, काही पळालं नसेल तर जिथे रेघ सपाट हवी, तिथे एक उंचवटा. लहानसाच, पण होता. आये, काय सांगू तुला! सरांना लगेच आलेख पाठवला. सरांचा फोन आला, एरवी चार शब्दांपुढे न जाणारा माणूस अर्धा तास बोलत होता. बाबांना मी फक्त एवढंच म्हटलं, की काहीतरी दिसतंय, अजून नक्की नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत पेढे वाटले, पोरीला नवा कण सापडला म्हणून. समोरच्या काकूंनी विचारलं, "केवढा हाय?" बाबांनी हाताने दाखवला, बोराएवढा. सर येत्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत हे मांडणार होते. आमच्या देशोदेशीच्या गटातली कोरियातली एक बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, माझा उंचवटा खरा आहे का हे वेगळ्या पद्धतीने तपासायला बसली. आईकडे जायची सुट्टी रद्द केली तिने त्यासाठी.

आणि एका मंगळवारी सकाळी मी सहज, डेटा ज्या टप्प्यांत आला त्या टप्प्यांनी तो उंचवटा तोडून बघितला, तर तो सगळाच्या सगळा शेवटच्या काही महिन्यांच्या डेटातून आलेला. फोटॉन पकडायला आमच्याकडे स्फटिकांची भिंत असते. वापरून वापरून ते मंदावतात, म्हणून त्यांचं माप वेळोवेळी नव्याने लावायचं असतं. शेवटच्या टप्प्यासाठी माझ्या प्रोग्रामच्या एका ओळीत तारीख बदलायची, ती मी बदललीच नव्हती. जुनं माप लावल्यामुळे फोटॉन होते त्याहून जरा अशक्त दिसत होते, आणि फोटॉन अशक्त दिसला की पळालेला जड भासतो. प्रत्यक्षात पळालेला म्हणजे दुसरा साधा फोटॉनच होता, भिंतीच्या फटीतून निसटलेला. नवा कण नाही, विश्वाचं वजन नाही, काही नाही. तारीख दुरुस्त करून दुपारी पुन्हा बघितलं. रेघ सपाट. मी तिथेच खुर्चीत बसून रडले, आये. बाबांनी विचारलं तर म्हटलं, डोळे चुरचुरतायत.

काल आमची मोठी बैठक होती, सगळे आपापल्या देशातून पडद्यावर. मी सांगितलं. ओळ दाखवली, तारीख दाखवली, सपाट रेघ दाखवली. मग गटप्रमुख, एक वयस्कर जर्मन बाई, म्हणाल्या, की दुसऱ्याची चूक सगळेच शोधतात, स्वतःची शोधून अशी पुढे ठेवणारे फार थोडे. आणि मला विचारलं, हे तू कुठे शिकलीस? माझ्या तोंडून निघून गेलं, आईकडून. मग मी तुझी सगळी गोष्ट सांगितली, पाऊस, ओली झोळी, पुन्हा पाड्यावर जाणं, त्या बाईपुढे चूक कबूल करणं, सगळी. लोक ऐकत राहिले. सरांनी चष्मा काढून पुसला. त्या कोरियातल्या बाईने लिहिलं, तुझ्या आईला माझा नमस्कार. तो कण सापडला असता तरी मला एवढं कौतुक मिळालं असतं असं वाटत नाही.

पण आये, तुझी गोष्ट सांगताना मी माझीच एक गोष्ट गाळली. चूक मला सापडली त्या मंगळवारी, आणि मी सांगितली काल. मधे नऊ दिवस गेले. कुणी विचारलं नाही की कधी सापडली, आणि मी सांगितलं नाही. परवा परवा सापडली असेल, असंच सगळ्यांना वाटलं. आधी मी स्वतःला म्हटलं, एकदा नीट तपासते. तपासायला एक दुपार पुरली होती. मग म्हटलं, सरांना फोनवर कसं सांगायचं. मग म्हटलं, बाबा आळीत काय तोंड दाखवतील. आणि त्या नऊ दिवसांत ती कोरियातली बाई रोज मला पत्र पाठवत होती, आज हे तपासलं, आज ते तपासलं, काळजी करू नको, तुझा उंचवटा टिकेल. मी रोज तिला उत्तर लिहीत होते, आभार मानत होते.

तिला खरं लिहायला हवं. चार ओळी पुरतील. सकाळपासून दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा खोडली. आणि तुला बघ, एवढी पानं झाली, एकही शब्द खोडावा लागला नाही. कारण तू आता समोर येऊन विचारणार नाहीस, "मंग नऊ दिस काय करत व्हतीस गो?" विचारलं असतंस तर सांगावं लागलं असतं. मी वाट बघत होते, आये, की ती चूक कुणाच्याच लक्षात येऊ नये.