नव्या अल्बममध्ये पियानो नाही

ता. १० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, रागासकट.

काल, शुक्रवार ९ मार्च रोजी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी तुमच्या बँडचा नवा अल्बम लावला आणि पहिल्याच गाण्यात माझा अपमान झाला.

तुमचा आवाज बदललाय, असं सगळे म्हणतात. बदललाय खरा. पूर्वी तुम्ही सात मात्रांत धावता धावता पाचात उडी मारायचात आणि ऐकणाऱ्याचा पाय मोडायचात. आता सगळं संथ, जाड, जमिनीलगतचं. तुझी गिटार तर तळघरातून बोलते. मला आवडलं. साठीला टेकल्यावर का होईना, एकदाचे वयात आलात.

पण सुरुवातीचा माझा पियानो कुठे आहे? पहिल्या अल्बमपासूनची आपली रीत. तू माइक आणि वायरींचं भेंडोळं घेऊन यायचास, मी चार ओळी वाजवायचे आणि मग तुमचा गडगडाट सुरू व्हायचा. त्या निमित्ताने आठवडाभर राहायचास. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला वाजव म्हणणारा तू एकटाच. यंदाही आलास, मी वाजवलं आणि तू चहा अर्धा टाकून पळालास. नंतर एक फोन उचलला नाहीस. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बोटांवर छड्या मारून शिकवलंय मला. हात बिघडला असेल तर तोंडावर सांग.

लोभ शिल्लक आहे, पण तळाशी.
ताई


ता. १७ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, धपाटा लागणार नाही इतक्या अंतरावरून.

तुझा हात बिघडलेला नाही. त्या दिवशी डावा हात मला ऐकू येत होता. उजवा वरच्या पट्ट्यांवर गेला आणि आवाज संपला. तुझी बोटं चालत होती, खोली मुकी. तू माझ्याकडे पाहत होतीस, म्हणून मी मान डोलावत राहिलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मभर स्पीकरसमोर उभं राहिल्याचं हे फळ. वरचे स्वर गेले, ते आता परत यायचे नाहीत. फोनवर तर शब्दांचा नुसता लगदा होतो.

अल्बम खालच्या सुरांत उतरला तो म्हणूनच. लोक त्याला प्रगल्भता म्हणतात. ड्रमर म्हणतो, तुला वय मानवलं. मी फक्त मला ऐकू येतं तेवढंच लिहिलं. तुझा पियानो ठेवला असता, तर तो नीट लागलाय का हे दुसऱ्याला विचारावं लागलं असतं. बँडमध्ये कुणाला काही सांगितलेलं नाही. बहुतेक हा शेवटचाच अल्बम.

तिकडे यायचा धीर होत नाही. पुन्हा तुझ्यासमोर खोटी मान डोलावणं जमणार नाही. राग धर हवा तर, पण मला सोडू नकोस.
धाकटा


ता. २२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या वेळी मोठ्याने.

कानात बोळे घाल म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडले. असो. तो विषय प्रत्यक्ष भेटीत, सविस्तर.

तुझं पत्र वाचून पियानोशी बसले आणि वरच्या पट्ट्या सोडून वाजवून पाहिलं. दोन्ही हात एका कोपऱ्यात, एकमेकांना ढुशा देत. सिस्टरांनी पाहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. पण बसतं रे, चक्क बसतं. फक्त तुझं ऐकणं नेमकं कुठे संपतं, ते मला ठाऊक नाही, आणि त्यावाचून माझं पुढे सरकत नाही. तेव्हा इथे यायचं. शेजारी बसायचं. मी एकेक पट्टी दाबत वर जाईन. आवाज संपला की माझा हात धरायचा. मान डोलवायची नाही.

ड्रमरला तू सांग. नाहीतर मी सांगेन, आणि माझा आवाज त्याला व्यवस्थित ऐकू येतो. शेवटचा अल्बम कुठला, ते तुम्ही सगळे मिळून ठरवा. तू एकट्याने नाही.

येणार की नाही, ते ५ एप्रिलच्या आत मला लेखी हवं. दिवस लिही, गाडीची वेळ लिही. ‘बघू’ हे उत्तर धरलं जाणार नाही.
ताई