माझ्या हद्दीतली पाच गेटं

५ जानेवारी, रविवार
नवीन वही सुरू. जुनीत ब्लडप्रेशरचे आकडे होते, ती वसुधाने डॉक्टरला दाखवायला म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवली. बायको माझी, आकडे माझे, कुलूप तिचं. असो. या वहीत फक्त अनयाची प्रगती लिहायची.

नात तेरा वर्षांची. स्की रेसिंग करते, त्यातलं स्लालम, म्हणजे काठ्यांच्या जोड्यांमधून वळणं घेत खाली यायचं. एका जोडीला गेट म्हणतात. पोरगी उत्तम आहे, कोचला दिसत नाही इतकंच. मुलगी अंतरा आणि जावई दोघंही हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, वीकेंडला ड्यूटी. त्यामुळे आमच्या श्रूजबरी गावाहून डोंगरापर्यंत तिला न्यायचं काम माझं. घरातले याला ड्रायव्हिंग म्हणतात. मी सपोर्ट म्हणतो.

अमेरिकेत येऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली, स्की एकदाही पायात घातलेली नाही. गरज पडली नाही. तीस वर्षं हायवेचे उतार आणि वळणं डिझाइन केली. वळणावर वजन कुठे जातं ते चोवीस वर्षांच्या कोचने मला शिकवू नये.

संकल्प: या सीझनला बोलायचं कमी, निरीक्षण जास्त.

११ जानेवारी, शनिवार
सकाळी ५.४०ला निघालो. वाटेत अनयाला सेंट्रिफ्यूगल फोर्स समजावला. तिच्या कानात इयरबड होते हे पाऊण तासाने कळलं. मुलं ऐकत नसली तरी ऐकत असतात.

दुपारी १. लॉजमधली सगळी टेबलं अडवलेली. हे अमेरिकन पालक पहाटे येऊन क्रॉकपॉट, म्हणजे विजेवरची शिजवायची भांडी, मांडून बसतात आणि तसूभर सरकत नाहीत. उभ्याने पोहे खाल्ले. एका बाईने हे काय म्हणून विचारलं, चव घेतली, रेसिपी मागितली. दिली नाही.

रवींद्र भेटला. नागपूरचा, रिटायर्ड कार्डिऑलॉजिस्ट, इथल्या मराठी मंडळाचा दोनदा अध्यक्ष, आणि अजूनही दर वाक्यात अध्यक्ष. त्याची नात अनिका अनयाच्याच वयाची, त्याच क्लबात. इथे रेसला गाईच्या गळ्यातली घंटा वाजवून चिअर करतात. हा गृहस्थ देवघरातली घंटा घेऊन आला होता. म्हणे आपल्या संस्कृतीची ओळख. लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते.

अनिका सहावी. अनया चौदावी. अनिकाच्या वेळी बर्फ जास्त टणक होता, हे कुठेच नोंदवलं जात नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
कोचला ईमेल केली. चार पानं, तीन आकृत्या. उत्तर आलं: थँक्स! पुढे उद्गारचिन्ह. म्हणजे मुद्दे पटलेत, फक्त कबूल करायची हिंमत नाही.

१९ जानेवारी, रविवार
रवींद्रच्या दुप्पट आकाराची घंटा मागवली होती, ती आज नेली. अहो, देवळातली उचलून आणलीत का, असं वसुधाने विचारलं. मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या मुलीच्या वेळी वरून निरोप आला की घंटेमुळे स्टार्टला रेडिओ ऐकू येत नाहीये, आजोबांना थांबवा. आजोबा! नाव विचारायचं सौजन्य नाही. तक्रार कोणी केली ते मला माहीत आहे.

संकल्प: रवींद्रशी बोलणं बंद.

२६ जानेवारी, रविवार
अनया गाडीत म्हणाली, आबा, प्लीज, मी रेस करत असताना "वजन, वजन" असं ओरडू नकोस, मला नुसतं तेच ऐकू येतं. ठीक आहे म्हटलं. खरं तर मी ओरडत नाही. लांबून सूचना देतो, त्या मोठ्याने द्याव्या लागतात.

मग रवींद्रशी बोलावं लागलं, कारण त्याने पार्किंगमध्ये माझ्या जागेवर गाडी लावली होती.

१ फेब्रुवारी, शनिवार
क्लबचा नियम असा की प्रत्येक घराने रेसच्या दिवशी काहीतरी काम करायचं. अंतराने मला न विचारता हॉट चॉकलेटच्या टेबलावर माझं नाव घातलं होतं. तीस वर्षांचा अनुभव आणि हातात पेपर कप! रवींद्र मात्र गेट जज. ताबडतोब माझंही नाव गेट जजमध्ये घालून घेतलं.

गेट जज म्हणजे उतारावर उभं राहून आपल्या वाट्याची पाच गेटं सांभाळायची. मुलीचे दोन्ही पाय काठ्यांमधून गेले की नाही ते बघायचं, नाही गेले तर कार्डावर फॉल्ट लिहायचा. एखादी घसरून थांबली आणि तिने विचारलं, तर एकाच शब्दात सांगायचं: गेट पार झालं असेल तर गो, नसेल तर बॅक. दुसरं काही बोलायचं नाही. ट्रेनिंगच्या व्हिडिओत हे तीनदा सांगितलं. मंद लोकांसाठी करावं लागतं. टेस्टमध्ये वीसपैकी एकोणीस. विसावा प्रश्नच चुकीचा होता.

८ फेब्रुवारी, शनिवार
पहिली ड्यूटी. स्की येत नसल्यामुळे खालून चालत जाता येतील अशी शेवटची पाच गेटं मिळाली. बुटांना काटे, अंगात नारिंगी वेस्ट. वेस्ट छान बसतं. अनयाने फोटो काढून आईला पाठवला. खाली काय लिहिलं ते दाखवलं नाही, पण हसत होती.

तीन फॉल्ट दिले. रेफरीने त्यांतले दोन व्हिडिओ बघून खोडले. खोडलेल्यांत एक अनिकाचा होता. मला दिसलं तसं मी लिहिलं, व्हिडिओचा अँगल चुकीचा होता. रवींद्रने त्यानंतर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठीच सोय झाली.

अनया दहावी! पुढच्या रविवारी शेवटची रेस. त्यात पहिल्या बारा येणाऱ्या मुली राज्याच्या फायनलला. अनयाने तिच्या खोलीच्या दारावर एक कागद लावलाय, त्यावर फक्त बारा हा आकडा. तिला इतकं काही हवं असलेलं मी पहिल्यांदाच बघतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ११.१५. पहिल्या रनमध्ये अनया आठवी. आठवी! अनिका दहावी. दुसरा रन झाला की दोन्हींची बेरीज. मंडळाच्या ग्रुपवर कळवून टाकलं की अनया फायनलला, फक्त औपचारिकता बाकी.

संध्याकाळी ६. नीट लिहून ठेवतो, लोक उलटसुलट बोलणार आहेत.

दुसरा रन. माझ्या हद्दीतल्या तिसऱ्या गेटवर अनयाच्या स्कीचं टोक अडकलं. ती गर्रकन फिरली आणि थांबली. दोन्ही पाय पार झालेले मी स्वच्छ पाहिले होते. तिने माझ्याकडे बघून विचारलं, गो की बॅक. गो म्हणायचं होतं. म्हणालोच. त्याआधी फक्त ती का घसरली ते सांगितलं. चूक घडते तेव्हाच सांगितली तर डोक्यात बसते. बाहेरचा पाय, कंबर, आणि चौदा जानेवारीच्या ईमेलमधली दुसरी आकृती. थोडक्यात. ती आबा म्हणाली. मग आबा, प्लीज म्हणाली. तेव्हा मी गो म्हणालो.

वरच्या गेटांवरून रवींद्र बघत होता. त्याच्या मते अकरा सेकंद गेले. माझ्या मते सात.

अनया तेरावी. बारावीपेक्षा दोन सेकंद मागे. अनिका अकरावी.

मग रेफरी आली. शांत बाई. म्हणाली, मुलीला कोणी अडवलं असेल तर तिला एकटीला पुन्हा एक रन मिळू शकतो, पण पंधरा मिनिटांच्या आत, आणि काय झालं ते गेट जजने कार्डावर लिहून सही करायला हवी. मी लिहिलं. तिथला उतार, सकाळी नीट न दाबलेला बर्फ, कोचने वाचून बाजूला टाकलेले मुद्दे. कार्ड पुरेना, दुसरं मागितलं. तिने वाचलं आणि एकच विचारलं: तुम्ही तिला अडवलंत का? अडवणं कशाला म्हणायचं त्यावर ते अवलंबून आहे, असं मी सांगितलं. तिने घड्याळ पाहिलं आणि अनयाला जाऊन विचारलं. अनयाने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की नाही, कोणी अडवलं नाही, मीच कन्फ्यूज झाले.

विषय संपला. पोरगी स्वतःची चूक कबूल करते. आमच्या घराण्यातच आहे ते.

परत येताना अनया पूर्ण वाट डोळे मिटून होती. दमली असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ट्रेनिंगचा व्हिडिओ बनवणाऱ्यांना तक्रार पाठवली. एका शब्दात उत्तर देण्याचा नियम अशास्त्रीय आहे. मंडळाच्या ग्रुपवर सात जणांनी अभिनंदन केलंय. खुलासा अजून केलेला नाही, योग्य शब्द सापडत नाहीत. रवींद्रनेही शाबासकीचा अंगठा टाकलाय. याला म्हणतात खुनशी माणूस.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अंतरा येऊन गेली. कोटसुद्धा काढला नाही. किचनमध्ये उभी राहून सगळं इंग्रजीत बोलली. चिडली की ती इंग्रजीत बोलते.

अनयाला पुन्हा रन मिळू शकतो हे माहीत होतं. रेफरीने तिला नीट समजावून सांगितलं होतं. तरी ती नाही म्हणाली. का, असं आईने काल विचारलं तेव्हा रडली. आबांनी अडवलं असं सांगितलं असतं तर त्यांचं वेस्ट काढून घेतलं असतं, ते घालून आबा किती खूश असतात, असं म्हणाली.

मी अंतराला म्हटलं की मुळात सात सेकंद आणि अकरा सेकंद यांत फरक आहे. वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती गेली. वसुधाने माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि स्वतःचं घेऊन वर गेली. लग्नाला बावन्न वर्षं झाली, असं तिने कधी केलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
रेफरीला ईमेल लिहायला बसलो. दोन पानं झाली. खोडली. अर्धं पान झालं, त्यातही बर्फ आला. खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: सोळा तारखेला माझ्या गेटवर मी माझ्या नातीला अडवलं. पाठवलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तासाभरात उत्तर आलं. तुम्ही कळवलंत त्याबद्दल आभार, पण निकाल त्याच दिवशी दुपारी फायनल झालाय, आता काही करता येणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
अनयाला ईमेल दाखवली. वाचली, इट्स ओके म्हणाली. दारावरचा कागद काढलेला दिसला. सॉरी म्हणालो. आणखी बरंच सुचत होतं, ते नाही म्हणालो.

मग तिने विचारलं, शनिवारी फायनलला नेशील का. अनिकाला कबूल केलंय, फिनिशला उभी राहून चिअर करणार आहे. अर्थात, म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी प्रेमाने सांगितलं: पण आबा, तू गाडीतच बस. ओके?

ओके म्हटलं.

१ मार्च, शनिवार
सकाळी १०.४०. पार्किंग लॉट. समोर कोणाची तरी भलीमोठी व्हॅन, त्यामुळे उतार अजिबात दिसत नाही. माणसाला गाडी लावायची अक्कल नाही. हीटर चालू आहे. रवींद्र मघाशी खिडकीशी आला, चहाचा कप देऊन गेला. चहा गोड होता, तरी प्यायलो.

दर मिनिटाला तिकडे लोक ओरडतात. कोणती मुलगी खाली आली ते कळत नाही. काच खाली केली. अनयाही ओरडत असणार त्यांच्यात. तिचा ओरडण्याचा आवाज कसा आहे, ते मला माहीत नाही.