पक्क्या नोकरीचे आठ दिवस

सोमवार, ता. ४

पोचलो. फाटकावरच्या दरवानानं माझी बॅग स्वतः उचलून खोलीपर्यंत आणली. एवढी आवभगत माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती. खोली कारखान्याच्या आवारातच आहे. पूर्वेला खिडकी, नवी गादी, खुंटीला कामाचे कपडे, तेही बरोबर मापाचे. बायकोला सदऱ्याचं माप चार वेळा सांगावं लागतं, यांनी न विचारता शिवलं.

कारखाना कागदाचा. काम माझ्या हातखंड्याचं, म्हणजे यंत्राचं दुखणं कानानं ओळखायचं. लोखंडी सळीचं एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, की आत कोण कुरकुरतंय ते कळतं. चौदाव्या वर्षी गॅरेजात नटबोल्ट धूत होतो, तेव्हापासून हा कान कमावलाय. शाळा सातवीपर्यंत. पुढची सगळी विद्या या सळीतून आली.

मॅनेजरनं नेमणुकीचं पत्र हातात ठेवलं. नोकरी पक्की, खोली फुकट, कुणी काढणार नाही. सही पुढच्या सोमवारपर्यंत करायची. तोवर फक्त ऐकायचं आणि लिहायचं, यंत्राला हात लावायचा नाही. आधी सही, मग हात, असं त्यानं दोनदा बजावलं.

पण मन दुसरीकडे आहे. आमच्या गावच्या तंत्रशाळेचा लेथ मी व्हरांड्यातून जाता जाता आवाजावरून ओळखला होता, की याचा पट्टा दोन दिवसांत तुटणार. दुसऱ्याच दिवशी तुटला. प्राचार्यबाई तेव्हापासून मागे लागल्यात, की मुलांना हे शिकवा. सातवी पास माणसाला वर्गात लोक ‘सर’ म्हणणार! फक्त पद अजून मंजूर नाही. शुक्रवारी बैठक आहे. बायको म्हणते, हातचं सोडून पळत्यापाठी लागू नका. मी म्हटलं, आठ दिवस आहेत ना, बसू दोन्हीकडे पाय ठेवून.

मंगळवार, ता. ५

यंत्रं बारा. अकरा एका रांगेत, आणि टोकाला खोलीएवढ्या लोखंडी पेटीत बंद असलेलं बारावं. सगळी त्याच्या जोरावर चालतात. लोक त्याला ‘थोरली’ म्हणतात. थोरलीला कधी उघडत नाहीत आणि कधी बंदही करत नाहीत.

माणसं मात्र आंबट. जेवायला टेबलाशी बसलो तर शेजारचे दोघं ताट घेऊन उठले. वस्ताद म्हणजे इथला मुख्य फिटर, अर्ध्या अंगठ्याचा. त्यानं माझा डबा उचलून खाली फरशीवर ठेवला. म्हणाला, टेबल कामावरच्या माणसांचं आहे, पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. मी म्हटलं, पाहुण्याला आमच्याकडे पाट तरी देतात. कुणी हसलं नाही.

मग एकानं विचारलं, दुसरीकडे नोकरी लागतेय म्हणे तुझी? लागतेय, मी जरा ऐटीतच म्हटलं. सगळ्यांचे घास हातात राहिले. आजवर पुष्कळ लोकांनी माझा हेवा केलाय, त्याची मला सवय आहे. पण हे नुसतं जळणं नव्हतं. दुकानाच्या काचेआडून ताजी भाकरी पाहावी तसे बघत होते.

माझ्या आधीचा ऐकणारा कुठं गेला, ते मॅनेजरला विचारलं. कुठं जाईल, म्हणाला. आणि कागदपत्रं आवरायला लागला.

बुधवार, ता. ६

खोलीच्या दाराला कुणीतरी बाहेरून खडूनं माझी उंची आखून ठेवलीय. वस्तादाला विचारलं तर म्हणाला, मोजून घेतलेलं बरं असतं.

सातव्या यंत्राचं बेअरिंग कोरडं पडलंय. सळी लावायचीही गरज नाही, दाराबाहेरून ऐकू येतं. चिरका, बारीक, रडक्या मुलासारखा आवाज. तक्त्यात लिहून मॅनेजरकडे दिलं. त्यानं तक्ता न वाचता फायलीत लावला. वस्तादाला सांगितलं, तो म्हणाला, ऐकू येतंय ना तुला? मग ऐक. दिवसभर ते केकाटत होतं आणि दहा माणसं त्याच्या आजूबाजूनं बहिरी असल्यासारखी वावरत होती. ग्रीसगन मात्र मी जिथं उभा राहीन तिथं जवळच ठेवलेली असते. सकाळी उजवीकडे होती, दुपारी डावीकडे.

बाईंचा फोन आला. बैठक शुक्रवारीच, निकाल शनिवारी सांगते म्हणाल्या. मी बोलत असताना लोकांनी माझ्याकडे पाठ केली होती, पण कुणाचाच हात चालत नव्हता.

गुरुवार, ता. ७

हात लावला.

दुसरं काय करणार! सुराच्या माणसाला बेसूर सोसत नाही आणि मला कोरडं बेअरिंग सोसत नाही. लोक म्हणतात तसा मी हुशार असेन, पण हे माझं व्यसन आहे. पाच दाब ग्रीस मारलं. सातवं यंत्र गप्प झालं.

सगळ्यांनी हातातलं काम टाकलं. वस्ताद आला, ग्रीसगन माझ्या हातातून घेतली, फडक्यानं पुसली, खुंटीला टांगली. म्हणाला, चौथा दिवस. मी तिसऱ्याच दिवशी लावला होता.

मॅनेजरला मी स्वतःहून सांगितलं. रागावेल वाटलं होतं. त्यानं टेबलावरचं माझं पत्र उचललं आणि कपाटात ठेवून दिलं. सहीचं काय, विचारलं. म्हणाला, सही लोक बदलतात. हात लागला की माणूस लागला.

मी ठणकावून सांगितलं, असं काही नसतं. बोलताना घसा खरखरला. धुळीमुळे असेल.

शुक्रवार, ता. ८

आवाज बसलाय. गरम पाणी प्यायलो, फरक नाही.

दुपारी पहिल्यांदा थोरलीला सळी लावली. आत कुणीतरी खाकरलं. यंत्राच्या नळ्यांतून पलीकडचे आवाज येतात, त्यात नवीन नाही. पण मग तो माणूस एकेक यंत्र मोजायला लागला. पहिलं बरं आहे. दुसरं बरं आहे. तिसऱ्याला जरा ओढ आहे. ‘ओढ आहे’ असं मी म्हणतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी हा शब्द ऐकलेला नाही.

माझ्यासारखं बोलत होता. हुबेहूब नाही. शिकत असल्यासारखा. एखादा शब्द चुकायचा, मग तोच पुन्हा म्हणायचा, दुसऱ्या खेपेला बरोबर.

मागं वळलो तर सगळे उभे. वस्ताद म्हणाला, चांगला उचलतोय.

नकला करणारा कुणीतरी टोळीत असणार. मला घाबरवून पळवायचंय यांना. पळतोच. उद्या निकाल कळला की निघालो. पद मंजूर होवो न होवो. पुन्हा नटबोल्ट धुईन.

शनिवार, ता. ९

बाईंचा निरोप आला. मंजूर झालं!

तीनदा वाचला. अभिनंदन, सकाळी फोनवर तुमचा होकार ऐकून आनंद झाला, सोमवारी पहिला तास तुमचाच.

सकाळी मी कुणालाही फोन केलेला नाही.

बायकोला लावला. तोंडातून शब्द फुटेना. ती हॅलो हॅलो करत राहिली, मग कुणाला तरी म्हणाली, नुसती यंत्राची घरघर येतेय. ठेवला. मी निरोप टाकला, सकाळी बाईंशी बोलला तो मी नव्हे. तिचं उत्तर आलं, पुरे झाली थट्टा, एवढी लाडीगोडी लावून मला हो म्हणायला लावलंत, उद्या किती वाजता पोचताय ते सांगा.

फाटक सहालाच बंद केलंय. सकाळी सातला उघडतं. बॅग भरून उशाशी ठेवली. बूट पायातच आहेत.

रविवार, ता. १०

जाग आली तेव्हा पाय उघडे. बूट नाहीत. बॅग नाही. फोनही नाही.

अनवाणी फाटकापर्यंत धावलो. दरवान वहीतून मान वर न करता म्हणाला, ते गेले की सातला, हसतमुख माणूस, जाताना माझ्या फाटकाच्या बिजागरीला तेल घाल म्हणून सांगून गेले. मी खुणा केल्या, छाती बडवली, हा मी, हा बघ! त्यानं काठी आडवी धरून मला मागं ढकललं. कामावरच्या माणसानं आत राहायचं.

ओरडलो. घरघर झाली.

वस्तादानं मला दंडाला धरून आत नेलं. थोरलीजवळ एक खुर्ची ठेवलीय. म्हणाला, दोन-दोन नोकऱ्या मिरवत होतास ना आमच्यापुढं? घे, दोन्ही लागल्या. एक त्याला, एक तुला. मग म्हणाला, रडू नको, आमचेही असेच गेले. माझा समुद्रावर असतो. लहानपणापासून मला समुद्र— तो थांबला. मग माझ्या पोटरीवर लाथ मारून म्हणाला, बस खाली.

इथल्या प्रत्येकाला दुसरं काहीतरी व्हायचं होतं. कुणी ते बोलत नाही.

बायको आज त्याला दार उघडेल. त्याला चहा—

सोमवार, ता. ११

थोरलीला लावलेली सळी कानाला बांधलीय. एका हातानं लिहितोय.

घर ऐकू येतं. काल ती किती हसली. माझ्यावर कधी एवढी—

नको.

आता घंटा. बाकं सरकतायत. तो वर्गात आला. सगळी उभी राहिली, नमस्ते सर. माझे शब्द. माझेच! जेवढे मी मनात जुळवून ठेवले होते तेवढे सगळे, त्याच क्रमानं. मी असंच शिकवलं असतं. याहून चांगलं नाही.

हाक मारली. जीव खाऊन. वर्गातला लेथ थरथरला असावा, कारण मुलं गप्प झाली. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, सर, यात कुणीतरी बोलतंय.

ऐकलं तिनं! तिचा कान—

तो थांबला. जवळ आला. श्वास येतोय त्याचा. मला ऐकतोय.

मग वर्गाला म्हणाला, मुलांनो, कधीकधी भास होतो, आत माणूस आहे. घाबरायचं नाही. कोरडं बेअरिंग असतं. ग्रीस भरायचं, गच्च, आवाज थांबेपर्यंत. मुलीला म्हणाला, ये पुढं. तूच लाव हात.

नको पोरी नको लावू तू हात ला—