टीव्हीने कापलेलं वाक्य

प्रिय डॅडी,

मी सुखरूप आहे, हे आधी सांगते. मॉमचा गुडघा कसा आहे? तिने पाठवलेले पेकनचे दाणे आठवड्यात फस्त झाले.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी तुमचं अभिनंदन केलं म्हणे. कॉलेजात बंदूक बाळगू देणाऱ्या नव्या कायद्याबद्दल टीव्हीवर मी सांगत होते, "मी टेक्ससची आहे. वडिलांनी मला सातव्या वर्षी बंदूक चालवायला शिकवलं." खाली पट्टी होती, 'कॉलेजात बंदुकीला प्राध्यापिकेचा पाठिंबा'.

डॅडी, मी तिथे थांबले नव्हते. पुढे म्हणाले होते, "पण जेवायला बसण्याआधी ते बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावतात. पाहुण्याचीही काढून घेतात. माझा वर्ग म्हणजे तेच टेबल आहे." नेमकं तेवढं त्यांनी कापलं.

काल कोल्बी नावाचा विद्यार्थी नापास झालेला पेपर घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. एवढ्या उकाड्यात अंगात जाकीट. दार लावून घेतलं आणि हसत म्हणाला, "मॅम, तुम्ही तर आमच्यातल्याच निघालात." बोलताना जाकिटावरून हात फिरवत होता. आत काही असेल, नसेलही. नव्या कायद्यामुळे मला विचारायची सोय नाही.

मी त्याला पास केलं. हे मॉमला सांगू नका.

चॅनेलला फोन करून शिव्या घालू नका, उपयोग नाही. फक्त येत्या रविवारी कोणी तुमची पाठ थोपटली, तर माझं उरलेलं वाक्य तुम्ही पुरं करा. तुमचं कोणी कापणार नाही.

तुमच्या टेबलावरची,
लोरीन