रविवारची पोरं दिवाकरच्या नावे

मी, श्रीमती बकुळ मार्तंड शेवडे, वय शहात्तर, राहणार लक्ष्मी गेट, झाशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षराला हसू नये. डोकं ठिकाणावर आहे. बळजबरी कोणाचीच नाही, उलट सगळे म्हणतात, आई, आत्ताच कशाला? तर कारण असं.

गेली सहा वर्षं दर रविवारी चार वाजता मी गल्लीतली सात-आठ पोरं घेऊन वृद्धाश्रमात जाते. पोरं तिथे पत्त्यांत खोटं खेळायला शिकतात, आणि म्हातारी माणसं पोरांचा खाऊ संपवतात. दोघंही खूश, मी सगळ्यांत जास्त.

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी पिशवीत बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे नेले होते, वाटायला. अंगणात अनंतराव, गणिताचे निवृत्त मास्तर, वय चौऱ्याऐंशी, काळा स्वेटर घालून बुटक्या स्टुलावर उन्हाला बसले होते. आमच्या शेजारची सहा वर्षांची मिनू आदल्याच दिवशी धाकट्या भावाचं बोरन्हाण बघून आलेली. काळे कपडे, बसायला पाट, आणि डोक्यावरून बोरं. ती ओरडली, "आजी, इनका भी बोरन्हाण!" मी अगं अगं म्हणेपर्यंत अख्खी पिशवी मास्तरांच्या डोक्यावर रिकामी. पोरं लुटायला धावली, मागून म्हातारी माणसंही. कमलताई वॉकर सोडून धावल्या, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि अनंतराव स्वतः एका चिमुरड्याशी भांडत होते, "बोरन्हाण माझं, रेवडी माझी!"

तेवढ्यात व्यवस्थापक तिवारीजी आले. "माताजी, बच्चे बुज़ुर्गों को पत्थर मार रहे हैं!"

"बेर हैं जी."

"गुठली तो है न!"

त्यांनी पोरांना बंदीच केली. मी तीन दिवस फेऱ्या घातल्या तेव्हा म्हणाले, "जब तक आप साथ आएँगी, तब तक. आपके बाद बच्चे बंद." आता मी काय जन्माला पुरणार आहे? म्हणून व्यवस्था अशी.

१. लक्ष्मी गेटचं घर मुलगा दिवाकर याला. अट एकच, दर रविवारी पोरांना आश्रमात न्यायचं आणि आत बसायचं. फाटकाशी स्कूटरवर पेपर वाचत बसणं म्हणजे नेणं नव्हे. अट मोडली तर घर माझी जाऊ शकुंतला हिला. दिवाकरला काकू किती आवडते हे साऱ्या बडा बाज़ारला ठाऊक आहे, त्यामुळे तो अट मोडणार नाही.

२. त्याच शकुंतलेकडे माझं पुरणयंत्र १९८१ च्या होळीपासून आहे. ते तिने ठेवून घ्यावं. फक्त माझ्या तेराव्याला चार माणसांत म्हणावं की हे बकुळचं आहे. एवढं म्हटलं तरी मला वर ऐकू येईल.

३. पोस्टातलं जे असेल ते पोरांच्या टेम्पोच्या भाड्याला.

४. माझी काळी चंद्रकळा सून वसुंधरा हिने कापून आश्रमातल्यांना टोपरी शिवावीत. सूनबाई, मास्तरांचं डोकं मोठं आहे, माप घेऊन ये.

५. रेवड्यांचा पितळी डबा अनंतरावांना. वकिलांचा कारकून म्हणाला, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी मास्तरांना विचारलं, सही करता की डबा घेता? मास्तर म्हणाले, "डबा भरलेला आहे का?" म्हणून ते साक्षीदार नाहीत.

दुसरा साक्षीदार मी मुद्दाम निवडला आहे. त्यांना मराठी येत नाही, म्हणून सगळं हिंदीत वाचून दाखवलं. मी दगडांच्या वाक्यापाशी आले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "पेन दीजिए."

ठिकाण: झाशी. तारीख: ९ फेब्रुवारी २००९.

सही: बकुळ मार्तंड शेवडे

साक्षीदार १: दत्तात्रेय वामन खेर, शेजारी. माझ्यासमोर सही केली. मध्ये दोनदा चहा झाला.

साक्षीदार २: तिवारी, व्यवस्थापक। सुना, समझा। बच्चे माताजी के बाद भी आते रहें। अगली संक्रांति पर ख़बर पहले कर दें, काला स्वेटर मेरे पास भी है।